माशांचं पाणी

"कमलबाईनं माझे चारही मासे मारले," खुर्चीत बसायच्या आधीच रतिलाल म्हणाले. "तुम्ही फक्त पुरावा द्या. पोलिसांकडे मी जातो."

झुलाल वाघांनी त्यांना पाणी दिलं. जळगावातल्या या एकुलत्या खासगी गुप्तहेराकडे येणारी माणसं गुन्हेगार आधी ठरवत आणि मग जिना चढत. आरशासमोर भांग पाडत असलेला त्यांचा सहकारी मगन मात्र लगेच वळला. "विष घातलं?"

"साबण. माझ्या माशांचं पिंप तिनं साबणानं घासलं. घरकामाला खाडा केला म्हणून बोललो होतो, त्याचा राग! मी अख्ख्या गल्लीत ओरडून सांगितलंय. बाकीच्या घरांनीही तिला कामावरून काढलं."

"म्हणजे शिक्षा देऊन झाली," झुलाल म्हणाले. "आता गुन्हा बघू."

रतिलालांच्या हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी होती. मासे नव्हते, पण हवेचा पंप अजून चालू होता. बुडबुडे वर येत आणि फुटून जात.

"डिस्कस मासे होते. फार नाजूक," रतिलाल सांगू लागले. "आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्यांना सोसत नाही. म्हणून मुंबईहून आरओचं मशीन आणलं. ते पाण्यातला क्षार काढून टाकतं. थेंब थेंब करत ते पाणी या पिंपात जमतं, आणि दर रविवारी मी टाकीतलं थोडं पाणी काढून हे भरतो."

"मासे एकदम मेले?"

"पंधरवड्यापासून खात नव्हते. काल पाणी बदललं आणि आज सकाळी चारही उलटे."

झुलालनी पिंपाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी, खरखरीत भुकटी लागली.

"साबण!" मगन आनंदानं म्हणाला.

रतिलालांचा धाकटा भाऊ भिकन सोफ्यावर आडवा होता. तो परवाच यावलहून आला होता. "मासे गटारात फेकतो, असं मी म्हणालो होतो," त्यानं कबूल केलं. "रात्रभर तो पंप गुरगुरतो, झोप लागत नाही. पण म्हटलं म्हणजे केलं का?"

कमलबाईला बोलावणं गेलं. ती आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही.

"पिंपाला हात लावलास?" झुलालनी विचारलं.

"नाही, भाऊ."

"दुसऱ्या कुणी लावलेला पाहिलास?"

तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मग खाली मान घातली. "मला ठाऊक नाही."

तेवढ्यात रतिलालांची आई, धुरपदाबाई, बाहेर आल्या. त्या मूळच्या नरडाण्याकडच्या, बोलत अजून अहिराणीच. "जेवन करीसन जा, भाऊ," त्या म्हणाल्या. मगन तोवर पाटावर बसलाही होता.

डाळीचे दाणे दाताखाली येत होते. "सोडा घातला तरी आमच्या पाण्यात डाळ अशीच राहते," रतिलाल ओशाळून म्हणाले. "आईला सोड्यानं छातीत जळजळतं. तिची डाळ ती वेगळी करते, बिनसोड्याची."

धुरपदाबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता. त्यांच्या ताटातली डाळ लोण्यासारखी मऊ होती. जेवणानंतर झुलाल हात धुवायला मोरीत गेले आणि तिथली भांडी बघत बसले. सगळ्या पातेल्यांच्या आत पांढरा थर होता. फक्त एक लहान पातेली आतून लख्ख होती.

"सगळे हॉलमध्ये या," ते म्हणाले. "कमलबाई, तूसुद्धा. आत ये."

सगळे जमले.

"साबण नव्हताच," झुलालनी सुरुवात केली. "पाण्यात साबण असता तर पंपाच्या हवेनं टाकीत फेस आला असता. इथे नुसते बुडबुडे फुटताहेत."

"मग ती भुकटी?" मगननं विचारलं.

"क्षार. मशीनच्या पाण्यानं तो धरत नाही, बोअरच्या पाण्यानं धरतो. म्हणजे पिंपात कुणीतरी बोअरचं पाणी ओतत होतं, आणि बरेच दिवस. भिकन आले परवा आणि मासे त्याआधीच मलूल झाले होते. त्यामुळे ते सुटले."

"पण कशाला ओतायचं?" रतिलाल म्हणाले.

"काढलेलं चांगलं पाणी भरून काढायला. ते कुठे गेलं? या घरात सोडा घालूनही डाळ शिजत नाही. एकाच पातेलीत बिनसोड्याची मऊ शिजते आणि त्याच पातेलीला थर नाही." झुलालचा आवाज खाली आला. "अक्का, एक तांब्या घ्यायचा, एक तांब्या ओतायचा. असंच ना?"

धुरपदाबाईंनी मान हलवली. "मीच लिधं. माले काय माहीत, त्यामुयेच मासा मरनात! मालेबी साबनच वाटनं व्हतं."

"आई, मागायचं ना माझ्याकडे!"

"मांगं व्हतं ना रे. तूच म्हनना व्हता, ते पानी माशासनं शे."

रतिलालांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कमलबाईकडे वळले. "तू पाहिलं होतंस?"

"रोज बघायची."

"मग बोलली का नाहीस?"

"अक्कांना याच घरात राहायचंय, भाऊ."

रतिलालांनी डोळे पुसले. "उद्यापासून कामावर ये."

"आधी गल्लीत सांगा," कमलबाई म्हणाली. "आणि मोठ्यानं सांगा. माझं नाव मोठ्यानंच घेतलं होतं तुम्ही."

रतिलालांनी चपला घातल्या आणि शेजारच्या घराची कडी वाजवली. कमलबाई त्यांच्या मागोमाग गेली आणि प्रत्येक शब्द ऐकू येईल अशी उभी राहिली.