स्टीलच्या डब्यातला नजराणा

खाडी ओलांडणारी लाकडी होडी, अब्रा, बर दुबईच्या धक्क्यावरून सुटली आणि वाऱ्यानं उर्वीच्या मांडीवरचे कागद उधळले. "अगं आई गं…" म्हणत ती वाकली. दोन-चार कागद खाडीत जाणार, तेवढ्यात शेजारच्या माणसानं त्यांच्यावर आपला स्टीलचा डबा दाणकन ठेवला.

"राहू द्या तिथेच," तो चक्क मराठीत म्हणाला. "हा वारा काही ऐकणार नाही."

"आणि तुम्ही जेवणार काय?"

"मी दुसऱ्यांना जेवू घालतो. मीना बाजारच्या मागे आमचं किचन आहे, आईचं आणि माझं. मी यतीन." त्यानं कागदांकडे पाहिलं. "वकील आहात?"

"इतिहास शिकवते. शारजाला, युनिव्हर्सिटीत. इंग्लंडच्या राणीच्या दरबाराचा, चारशे वर्षांपूर्वीचा."

"का? आपला संपला होता?"

पुण्यातल्या प्रत्येक मावशीनं हाच प्रश्न विचारून तिचं डोकं उठवलं होतं. आज मात्र तिला हसू आलं. समोरच्या काठावरचं देरा आलं तसा तो उतरला आणि मसाल्याच्या बाजारात दिसेनासा झाला. डबा तिच्याकडेच राहिला. उघडला तर आत खोबऱ्याच्या वड्या.

उर्वीला हल्ली सुट्टीच्या दिवशी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटवर बसवत नसे. शारजाचं कॉन्ट्रॅक्ट उन्हाळ्यात संपत होतं आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठानं तिला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. जे मूळ दस्तऐवज तिनं आजवर फक्त फोटोंत पाहिले होते, ते तिथे हाताळायला मिळणार होते. तरी होकाराची मेल ती अर्धी लिहायची, खोडायची, आणि उठून खाडीवर यायची. या काठावरून त्या काठावर, उगाचच.

पुढच्या शनिवारी मात्र तिच्याकडे कारण होतं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून तिनं तो खजुरांनी भरून नेला. यतीननं त्याच डब्यातून गुळपोळ्या आणल्या. मग ते चालूच राहिलं… आणि डब्याबरोबर गप्पाही. इंग्लंडच्या बोलावण्याचंही ती त्याच्यापाशी बोलून गेली.

"तुमच्या त्या राणीला लोक काय द्यायचे?" एकदा त्यानं विचारलं.

"नववर्षाला नजराणे. अत्तर लावलेले हातमोजे, बदामाची मिठाई. आणि प्रत्येक नजराण्यामागे एक अर्ज. कुणाला पद हवं, कुणाला जमीन."

"नुसतं आवडतं म्हणून कुणीच नाही दिलं?"

"माझ्या कागदांत तरी नाही," ती हसली. "आणि गंमत म्हणजे, परतभेट दिली की खलास, दोघं मोकळे. भेट ठेवून घेतली, तरच पुढे नातं राहतं. निदान माझा अभ्यास तरी हेच सांगतो."

त्यानं नजर पाण्याकडे वळवली. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी तुम्ही शारजालाच असाल ना? म्हणजे… माझी पुतणी, ओवी, ती तिथे ॲडमिशन घ्यायचं म्हणतेय."

अर्ज! म्हणजे वड्या, पोळ्या, गप्पा, सगळं यासाठी? इतकी वर्षं दरबाऱ्यांचे डाव वाचण्यात घालवली आणि शेजारी बसलेला दरबारी ओळखता आला नाही. तिला राग आला. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

पुढच्या शनिवारी तिनं डबा घासूनपुसून, रिकामा परत दिला. हातात घेताच त्याला कळलं.

"काही चुकलं का?"

"ॲडमिशन माझ्या हातात नसतात."

तो रिकामा डबा घेऊन देराला उतरून गेला. त्याच संध्याकाळी तिनं इंग्लंडला होकार कळवून टाकला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी अब्रात तो नव्हता. उर्वी दोनदा खाडी ओलांडून आली, आणि शेवटी विचारत विचारत त्याच्या किचनच्या दारात उभी राहिली. आत शोभनाकाकू, त्याची आई, पुरण वाटत होत्या.

"तू ती इंग्लंडच्या राणीवाली ना? ये, बस."

"काकू, ओवीच्या ॲडमिशनचं…"

"ओवीच्या? तिचं पुण्याचं दिवाळीतच ठरलंय की. आर्किटेक्चर."

मागे पोळी लाटणारा यतीन कानापर्यंत लाल झाला. तो हात पुसत बाहेर आला.

"मग ओवीचं नाव का घेतलंत?" तिनं विचारलं.

"सरळ विचारायची हिंमत नव्हती." तो अडखळला. "तुम्ही म्हणालात, प्रत्येक नजराण्यामागे अर्ज असतो. म्हटलं, आपलाही असणार… होताच. तू इथे राहावंस, एवढाच."

त्या 'तू'नं तिचा सगळा राग विरघळला.

"दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय मी विद्यार्थ्यांना एक ओळ लिहू देत नाही," ती हळूच म्हणाली. "आणि तुझा निकाल मात्र एका वाक्यावर लावला. …यतीन, मी इंग्लंडला होकार कळवलाय. तो मागे नाही घेणार. फार वर्षं वाट पाहिलीय मी याची."

त्याचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "नकोच घेऊस."

"आणि तू मला आवडतोस. हेही मागे नाही घेणार."

आत काकूंचा हात थांबला, आणि मग उगाचच भांड्यांचा मोठा आवाज सुरू झाला. यतीन आत जाऊन डबा घेऊन आला. गरम पुरणपोळ्यांनी तो बाहेरूनही चटका देत होता.

"जाण्याआधी परत देशील?"

"नाही." तिनं डबा ओढणीत धरून पोटाशी घेतला. "हा मी ठेवून घेणार आहे."

त्याला समजायला क्षणभर लागला. मग तो हसला, सगळ्या चेहऱ्यानं. "म्हणजे न्यायला मलाच इंग्लंडला यावं लागणार."

"यल्ला, ये की मग," ती म्हणाली, "आणि येताना रिकाम्या हातानं येऊ नकोस."