लाल कोबीची निळी भाजी

"पाला काढते हं," असं जर्मनमध्ये म्हणत बाजारातल्या भाजीवाल्या बाईंनी नवलकोलाची कोवळी पानं पिरगाळली आणि मागच्या खोक्यात टाकलीसुद्धा.

"अहो, नको—!" मी ओरडले. चक्क मराठीत.

शेजारचा तरुण गर्रकन वळला. भुरभुर पावसात त्याचे केस भिजून कपाळावर आले होते.

"मराठी?... लुडविग्सहाफेनमध्ये?"

"आधी पाला," मी म्हणाले. "ओळख नंतर."

तो हसला, बाईंकडे वाकून काहीतरी पुटपुटला आणि बाईंनी पिशवीभर पाला माझ्या हातात दिला. फुकट!

"काय सांगितलंत त्यांना?"

"तुमच्याकडेही ससा आहे म्हणून. माणसं हा पाला खातात हे त्यांना पटेचना, मग मी ससा पाळला."

"आणि तुमचा ससा पाला खातो कसा?"

"लसणाची फोडणी देऊन... वरून बेसन पेरून."

"माझा दाण्याचं कूटही मागतो."

"मग दोघांची एकदा पंगत व्हायला हवी," तो म्हणाला. "मी राजानंद. नागपूरचा."

"मी क्रांती. नाशिक."

पंगत पुढच्याच शनिवारी झाली. मग दर शनिवारी. मी दिवसभर केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये, तो सॉफ्टवेअरमध्ये, आणि शनिवारी दोघं माझ्या एवढ्याशा किचनमध्ये. तो चिरायचा, मी फोडणी द्यायचे. उन्हाळ्यात आम्ही झुकिनी किसून थालीपीठं लावली. पहिलं उलटताना मोडलं, तेव्हा मी "अरे, तू सरक बघू!" म्हणाले आणि 'तुम्ही' तिथेच संपलं. भोपळे आले तेव्हा घारगे केले. थंडीत बिटाची कोशिंबीर. रोजचीच भाजी, पण राजानंद ती वाढायचा अशी, की जणू घरी पाहुणे आलेत. लिंबाची फोड, कोथिंबिरीची दोन पानं... आणि मग माझ्याकडे एक नजर — कसं जमलंय?

छान जमलं होतं. मीच बोलत नव्हते.

जानेवारीत एका शनिवारी तो लाल कोबी चिरत होता. चिरता चिरता थांबला.

"क्रांती... मला पार उत्तरेला, वोल्फ्सबुर्गच्या गाड्यांच्या कंपनीत नोकरी आलीये. मोठ्या हुद्द्याची. सोमवारी उत्तर द्यायचंय."

तेलात मोहरी तडतडत होती. मी कोबी टाकला. परतत राहिले.

"छानच की," मी म्हणाले. "जा ना. मोठी गाड्यांची कंपनी, पगार चांगला..."

"गेनाऊ... बरोबर," तो हळूच म्हणाला. "चांगला आहे."

डबा उघडला, चिमूटभर घातलं, ढवळलं. कढईकडे मी बघतच नव्हते.

"क्रांती, भाजी निळी झालीये."

खरंच. गर्द निळी! मिठाऐवजी मी खायचा सोडा घातला होता.

"केमिस्ट ना तू?" तो जवळ आला. "मग असं कसं झालं?"

"झालं..."

"का पण?"

"कारण तू जाणारेस!" माझा आवाज चिरकला. "आणि मला तू जायला नकोयस. आपण फक्त शनिवारी भेटतो तेसुद्धा मला पुरत नाही... तू मला आवडतोस, राजानंद. झालं समाधान?"

त्याने लिंबू कापलं आणि कढईत पिळलं. बारीक फेस आला आणि निळ्यातून जांभळा, जांभळ्यातून गुलाबी रंग पसरत गेला.

"मी त्यांना परवाच नाही म्हणायला निघालो होतो," तो म्हणाला. "पण म्हटलं, आधी तुला विचारावं. तू तर 'जा ना' म्हणून मोकळी झालीस! इतका घाबरलो मी..."

"मग आता?"

"आता इथेच. तुझ्यापाशी."

"बघ... गुलाबी झाली," मी कढईकडे बोट दाखवून म्हणाले.

"दोघी झाल्यात," माझ्या गालांकडे बघत तो म्हणाला.

भाजीची चव फारच विचित्र लागत होती. आम्ही कढई पुसून खाल्ली.