आत्याची साक्ष

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक गोष्ट सोडून. ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तुम्ही उठून जाल.

सांताक्रूझचा सुबोध म्हाताऱ्यांची वयं तपासायचा. कुणी शंभरी पार केल्याचं म्हणालं की त्याची संस्था त्याला धाडायची, आणि आजवर एकही शंभरी त्याच्या हाताखाली टिकली नव्हती. कुणाच्या आधार कार्डावर एक जानेवारी ठोकून दिलेली, कुणी मेलेल्या थोरल्या भावाचाच दाखला वापरलेला.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात तो दुपारी पोचला तेव्हा अंजनाबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. नातसून हेमांगीने हळू आवाजात सगळं सांगितलं. मंडळाच्या सत्कारात आजी म्हणाली, मी एकशेसातची. अध्यक्षाने कार्ड बघून माईकवरच सांगितलं, आजी ब्याऐंशीची, बाकी थापा. सगळे हसले. तेव्हापासून आजीच्या पोटात पेजेचा घोट नाही.

"खोटारडी म्हणून मरायची नाही म्हणते," हेमांगी म्हणाली. "आणि खरं ठरेपर्यंत जेवणार पण नाही. आता तुम्हीच बघा काय ते."

सुबोध म्हातारीच्या कानाशी वाकला. "आजी, कागद राहू दे. तुमच्या जन्माच्या वेळचं माणूस आहे कुणी?"

"आत्या हाय नं. आतमदी. तिनंच माज्या कानात कुर्र केलेलं."

हेमांगी बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

सुबोधला हसू आलं. भाची एकशेसात, तर आत्या किती? पण चौकस माणसाला दार लोटल्याशिवाय चैन कुठली. भर दुपारी आतल्या खोलीत काळोख. सुक्या बोंबलांच्या वासाखाली आणखी एक वास, तान्ह्या बाळाच्या टाळूवरच्या तेलाचा. आढ्याला रिकामा पाळणा. दोरी कुणी ओढत नव्हतं, तरी करकरत होता.

"आत्या… अंजनाबाईंचं वय खरं?"

"खरं." आवाज पाळण्यामागून आला. "तापाची साथ व्हती. बारशाला बाया नव्हत्या. मी एकलीच."

"पण तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

पाळण्यामागून उलटा सवाल आला. "तुज्या कानात कुनी कुर्र केलं रं?"

सुबोधचा हात कानाकडे गेला. त्याच्या बापाला बहीण नव्हती. आत्याच नाही म्हणून बारशाला कुर्र राहूनच गेलं, हे तो आणि त्याची मेलेली आई यांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुणी नाही…"

"मंग वाक जरा."

तो का वाकला, ते त्यालाही सांगता येत नाही. उजव्या कानाला गार, ओला श्वास लागला. कुर्र… आणि मग एक नाव. सुबोध नव्हे. दुसरंच.

बाहेर येऊन त्याने वय खरं असल्याची सही ठोकली. अंजनाबाई उठून बसल्या, पेज भुरकली, वर सुकट मागितली. सुबोधला मात्र तेव्हापासून सुबोध म्हणून हाक मारली तर तो ओ देत नाही. आणि कुणी हाक मारलेली नसताना मधेच वळून म्हणतो, "आलो."

आता खोटं तेवढं सांगून टाकतो. आतली खोली मी पदरची घातली, बाकी काही नाही. अंजनाबाईंचं घर एकाच खोलीचं आहे.