एका पेपराची दोन घरं

जर्मनीतली भिंत पडली, त्या बातमीचा पेपर तीर्थपुरीच्या स्टँडावर आला तेव्हा त्याला एकाच वेळी दोन हात लागले. एक हात सत्यशीलेचा, बांगड्या भरलेला. दुसरा एका परक्या तरुणाचा, डेटॉलचा वास येणारा.

कमरोद्दीनचाचांच्या टपरीवर जालन्याच्या पहिल्या गाडीनं बारा पेपर यायचे. अकरा ठरलेल्या घरी जायचे आणि बारावा, ज्याचं नशीब त्याचा. गेली चार वर्षं ते नशीब सत्यशीलेच्या वडिलांचं होतं. पुंजारामआबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण जगात काय चाललंय ते कळल्याशिवाय माणसाला दुपारचा चहा गोड लागायचा नाही. बारावीपर्यंत शिकलेली लेक रोज तीन वाजता ओट्यावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची, पार शेवटच्या पानापर्यंत.

"मी आधी धरला," सत्यशीला म्हणाली.

"तुम्ही कोपरा धरला. मी घडी धरली," तो म्हणाला. सोडला मात्र नाही... बघतही राहिला.

चाचांनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. "बेटा, फाडून टाकसाल. ह्ये भुजंगराव, हसनाबादचे. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नवे आलेत. तुमच्याच शेजारची खोली घेतली त्यान्नी. एका भिंतीचे शेजारी, मंग एका पेपरात भागवा की. बारापर्यंत ह्यान्नी वाचावा, बारानंतर तुमी. बराबर?"

"आणि रद्दी?" भुजंगनं विचारलं. "दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधायला कागद लागतो."

"जुना पेपर परत देईन. नवा दिला की," सत्यशीला म्हणाली. तिनं कोपरा सोडला आणि घरी येईपर्यंत आपण इतक्या लवकर का सोडला, याचा विचार करत राहिली.

मग तसाच नेम झाला. रोज दुपारी बाराला भुजंग डबा खायला खोलीवर यायचा, खिडकीच्या गजांतून नवा पेपर आत सरकवायचा आणि कालचा घेऊन जायचा. बोलणं असायचं दोन शब्दांचं. "घ्या." "हा घ्या." आत चुलीपाशी माय असायची, बाहेर अख्खी गल्ली. दोघांच्या वाट्याला येऊन जाऊन यायची ती पेपराची दोन टोकं, एक त्याच्या हातात आणि एक तिच्या.

पहिल्या दिवशी आबांना भिंतीची बातमी वाचून दाखवताना ती अडखळली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : 'तिकडची पडली. आमच्या खोलीची भिंत फार पक्की दिसते.'

"का गं थांबलीस?" आबांनी विचारलं.

"काही नाही आबा... छपाई पुसटलीय."

"भाऊबंदकीच ती," आबा आपल्या विचारात होते. "आठ्ठावीस वर्सं मधी भिंत. आपल्याकडं बांधापायी तीन पिढ्या जात्यात, त्यांचं लवकर मिटलं म्हणायचं."

रात्रभर तिनं ती ओळ मनात घोळवली. सकाळी त्याच्या ओळीखाली लिहिलं : 'भिंत घरमालकाची आहे. तक्रार त्यांच्याकडे करावी.' लिहिलं आणि बाराची वाट बघत बसली. वाट बघायची सवय लागली ती त्या दिवसापासून.

फेब्रुवारीत आफ्रिकेतला तो पुढारी सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून सुटला. आबा म्हणाले, "सत्तावीस वर्सं... त्याची शेती कोणी पाह्यली आसंल?" समासात होतं : 'सत्तावीस वर्षं. मला दुपारचे बारा वाजेपर्यंत धीर निघत नाही.' तिनं खाली लिहिलं : 'घड्याळ दुरुस्त करून घ्या. काल पावणेबाराला आला होतात.'

ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. आबांनी एका वाक्यात निकाल दिला, "थोरल्यानं धाकल्याचं रान दाबलं." आणि पंधरा दिवसांत त्या दूरच्या रानाची झळ तीर्थपुरीच्या रॉकेलच्या दुकानाला लागली. श्रावणाची भुरभुर चालू होती. बायकांची एक रांग, बाप्यांची एक. कॅन हातात धरून सत्यशीला उभी होती, आणि शेजारच्या रांगेत, अगदी बरोबरीला येऊन थांबला तो भुजंग. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच दोघांच्या मधे खिडकी नव्हती.

"तुम्हाला कशाला रॉकेल?" तिनं समोर बघत विचारलं. "स्टोव्ह तर पेटवताना कधी ऐकला नाही."

"म्हणजे कान असतो म्हणायचा आमच्या भिंतीला."

ती लाजली. मग रागावली. मग दोन्ही एकदम झालं. "मी... पापड वाळत घालते तिकडं."

"पावसाळ्यात?"

तिला हसू आवरेना. पदरात तोंड लपवून हसली. तो मात्र हसत नव्हता, तिच्या कपाळावर साचलेल्या भुरभुरीकडं बघत होता. "एक सांगू का?" तो हळूच म्हणाला. "हे कुवेतचं काय व्हायचं ते होवो. रांग मात्र अशीच लांब राहावी असं वाटून राह्यलंय."

"लोक शिव्या देतील तुम्हाला."

"देऊ द्या. तुम्ही देणार का?"

रांग पुढं सरकली तेव्हा ती दोन पावलं मुद्दाम उशिरा सरकली, एवढंच.

त्या तासाभरावर तिनं पुढचे सहा महिने काढले. भांडी घासताना तेच आठवायचं, मोसंबी निवडताना तेच. गजांतून पेपर घेताना त्याचं बोट तिच्या बोटाला कधी निसटतं लागायचं, आणि त्या दिवशी आबांना बातम्या दोनदा वाचून दाखवाव्या लागायच्या, कारण पहिल्यांदा ती काय वाचते हे तिलाच कळायचं नाही. तिला तो हवा होता. रोज, समोर, मोठ्यानं बोलणारा. समासात मावेल एवढाच नको होता.

जानेवारीत खाडीत युद्ध पेटलं. त्याच सुमाराला अंबडहून सत्यशीलेला स्थळ आलं. घरचा मळा, दोन विहिरी, मुलगा एकुलता. माय हरखून गेली. आबा म्हणाले, "माणसं बरी हायत." मार्चच्या पहिल्या रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. सत्यशीलेला कोणी विचारलं नाही, आणि तिनं नाही म्हटलं नाही. कोणाच्या जोरावर म्हणणार? समासातल्या चार ओळींच्या?

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पहिल्या पानाच्या कडेला, जळणाऱ्या तेलविहिरींच्या शेजारी, नेहमीपेक्षा जास्त ओळी होत्या : 'माझी भोकरदनला बदली झाली. महिनाअखेर जायचं. अंबडचं कळलं. तुमच्या मनात असेल तर लिहा, वडिलांना घेऊन येतो आबांकडे. नसेल तर काही लिहू नका. मी समजून जाईन, पुन्हा विचारणार नाही.'

तिनं आबांना सगळा पेपर वाचून दाखवला. आवाज जराही हलू दिला नाही, याचं तिला नंतर नवल वाटलं.

एरवी ती त्याच्या ओळीखाली बिनधास्त लिहायची. पण हा शब्द पहिल्या पानावर, सगळ्यांच्या नजरेला पडेल असा लिहायचा तिला धीर होईना. म्हणून तिनं आतलं पान उघडलं. बाजारभावांच्या कडेला, जिथं मायची काय, कोणाचीच नजर जाणार नाही, तिथं लिहिलं : 'हो. लवकर या.' तो प्रत्येक पानाची कड न् कड धुंडाळतो, याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी बाराला मात्र खिडकीशी भुजंग आलाच नाही. दवाखान्याचा शिपाई कडूबा आला. "साहेब वाडीवर गेलेत, गाय अडलीय. जुना पेपर द्या, ताई."

ती थबकली. पण पाठीशी माय उभी होती. तिनं पेपर दिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भुजंग आला. नजर खाली. "घ्या," म्हणाला आणि वळला. तिनं पेपराचं पान न् पान उलटलं. समास कोरा होता. पुढच्या दिवशीही कोरा. त्याच्याही पुढच्या.

मग ती काय समजणार? की 'हो' वाचून माणूस घाबरला. लिहिणं सोपं होतं, निभावणं जड गेलं. तिला राग आला, पण राग फार वेळ टिकला नाही. मागं उरली ती नुसती ओढ. भिंतीपलीकडून त्याच्या बादलीचा, चपलेचा, खोकल्याचा आवाज यायचा आणि ती हातातलं काम टाकून ऐकत बसायची. चारच दिवस हे आवाज आहेत, मग तेही नाहीत. तिनंही पुन्हा काही लिहिलं नाही.

युद्ध थांबल्याची बातमी आली त्याच दिवशी भुजंग जायचा होता, पाचच्या गाडीनं. दुपारी तो ओट्यासमोरच्या अंगणात आपली वळकटी बांधत होता. अंगणात मधे कमरेएवढा दगडांचा गडगा होता, पण पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आबा चहा पिऊन बातम्यांची वाट बघत बसलेले. तेवढ्यात समोरच्या झुंबरबाई आल्या, मुठीत औषधाची पुडी घेऊन.

"शीला, वाच बाई येवढं. म्हशीला जंताचं औशिद दिल्तं कडूबानं. एक पुडी संपली, ही दुसरी. किती येळा द्यायचं ते वरी लिवलंय म्हणला."

सत्यशीलेनं पुडी हातात घेतली. शाईनं लिहिलेलं होतं, 'दिवसातून दोन वेळा'. त्याच्या खाली छापील बाजारभाव, आणि कडेला तिच्याच अक्षरात, पेन्सिलीनं : 'हो. लवकर या.'

तिला आधी काही समजलंच नाही. मग एकदम सगळं समजलं. कडूबानं रद्दी म्हणून आतलं पान फाडून पुड्या बांधल्या होत्या. भुजंगच्या हाती लागलं असेल ते नुसतं पहिलं पान, त्याचा प्रश्न आणि त्याखालची कोरी जागा. काही लिहू नका, मी समजून जाईन. तो समजून गेला होता. गेले आठ दिवस तो तिचं 'नाही' उराशी घेऊन या खिडकीशी येत होता, आणि पेपर देत होता.

"किती गं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"दोन वेळा," ती कशीबशी म्हणाली. झुंबरबाई पुडी घेऊन गेल्या.

गडग्यापलीकडं दोरी आवळल्याचा आवाज येत होता. चिठ्ठी लिहायला वेळ नव्हता. हाक मारायची सोय नव्हती. उघड्या अंगणात परक्या पुरुषाला हाक मारणारी मुलगी तीर्थपुरीनं अजून पाहिलेली नव्हती. तिला मोठ्यानं बोलायची मुभा होती ती एकाच कामासाठी.

ती ओट्यावर बसली. पेपर उघडला. युद्ध थांबल्याची बातमी खणखणीत आवाजात वाचली.

"थांबलं एकदाचं," आबा म्हणाले. "आता रॉकेल तरी मिळंल. आन् काय हाय?"

"तीर्थपुरी," ती वाचू लागली.

आबा सावरून बसले. "आपल्या गावाचं नाव आलं?"

"आलं. येथील पुंजाराम यांची मुलगी सत्यशीला..." तिनं पेपर डोळ्यांसमोर आणखी वर धरला. "सत्यशीला हिला अंबडच्या स्थळी जायचं नाही. तिला गुरांच्या दवाखान्यातल्या भुजंगरावांनी एक प्रश्न विचारला होता. तिचं उत्तर पुडीत बांधून दुसरीकडंच गेलं, त्यांना मिळालं नाही. तिचं उत्तर... हो असं होतं. अजूनही आहे."

गडग्यापलीकडची दोरी थांबली.

जर्मनीपासून कुवेतपर्यंत प्रत्येक गोष्टीवर बोलणाऱ्या आबांनी चहाचा रिकामा कप चाचपून खाली ठेवला.

"छापून आलंय हे?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा."

"मंग वाचून कशी राह्यलीस?"

"पाठ आहे मला."

आबांनी आपले धुरकट डोळे गडग्याकडं वळवले. "भुजंगराव, तुमी हायत का तिथं?"

"आहे," आवाज आला.

"बातमी ऐकली?"

"ऐकली."

"खरी हाय का अफवा?"

भुजंग गडग्याशी आला. हातात दोरीचं टोक तसंच होतं. त्यानं आबांकडं नाही, तिच्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेतला आठ दिवसांचा सगळा कोरेपणा आता राहिला नव्हता. "माझ्याकडून खरी आहे. त्यांच्याकडून खरी आहे, हे आत्ता कळलं."

"हसनाबादचे म्हणजे तुमी कोणाचे?"

त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आजोळ सांगितलं. आबा मान हलवत गेले. कुठल्याशा लग्नात आजोबांना भेटल्याचं त्यांना आठवलं. दारात आलेल्या मायनं तोंडाला पदर लावला, तिला अंबडच्या दोन विहिरी दिसत असाव्यात.

"अंबडवाल्यांना मी निरोप धाडतो," आबा म्हणाले. "शिव्या देतील, खाऊ. तुमी तुमच्या वडलांना घेऊन या. आन् शीला, राह्यलेलं वाच आता."

तिनं पेपर डोळ्यांसमोर धरला. अक्षरं पाण्यात गेली होती. "मला नाही दिसत, आबा..."

"मंग तुमी वाचा, भुजंगराव. या वरी, बसा."

तो गडगा ओलांडून आला. पहिल्यांदाच त्या ओट्यावर बसला. सत्यशीला उठून दाराआड गेली आणि चौकटीला डोकं टेकून उभी राहिली. सव्वा वर्ष ज्याचं अक्षर वाचलं, तो माणूस आता मोठ्यानं वाचत होता. आज नाही तर उद्या सकाळी तो भोकरदनला जाणारच होता. मग लग्नाच्या तिथीपर्यंत पुन्हा वाट बघणं आलंच. पण ती वाट बघणं वेगळं होतं, त्याला शेवट होता.

"आवाज बरा हाय तुमचा," आबा म्हणाले, "पण लई हळू वाचता."

वाचू दे हळू, तिच्या मनात आलं. स्टँडाकडून पाचची गाडी सुटल्याचा आवाज आला, तरी त्याचं पहिलं पान संपलेलं नव्हतं.