काचेआडची धाप

दिवा हवा तर राहू द्या, पण या गोष्टीत त्याचा काही उपयोग नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल रात्री घाबरावं. मी जे पाहिलं ते भरदुपारी पाहिलं, भरवस्तीत, हातात थर्मामीटर असताना.

मी जनावरांची डॉक्टर. जनावरांबद्दल माझी कधीच तक्रार नसते. त्यांना पाळणाऱ्या माणसांबद्दल मात्र मला फारसं गोड बोलता येत नाही. कुत्र्याला स्वेटर शिवतील, वाढदिवसाला केक कापतील, त्याच्यासोबत फोटो काढतील. पण त्याचं पाण्याचं भांडं तळाशी बुळबुळीत झालंय, हे यांना महिनाभर दिसत नाही. अशा मंडळींत पहिला नंबर लावावा असे एक साहेब माझ्याकडे यायचे. श्वानप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. कुत्र्याची निगा आणि सुरक्षितता या विषयावर सभागृहांतून भाषणं देत फिरायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! घरी कुत्र्याचे कान साफ करायचे ते बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फिरवायचं बाईंनी, आणि त्याने घाण केली तर ओरडायचं साहेबांनी.

त्यांच्याकडे एक मोठा तांबूस कुत्रा होता. घरात त्याला थोरला म्हणत. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. "त्याचं हृदय बंद पडलं, माझ्या मांडीवर मान टाकून शांतपणे गेला," असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं. मंडळाच्या सभेत तर डोळे पुसत सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हटलं, "परवाच तर तपासला होता मी. हृदय ठणठणीत होतं." त्यावर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घालताना सापडले होते. त्यानंतर त्यांनी डॉक्टरच बदलला.

थंडीत एकदा दुपारी बाईंचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"डॉक्टर, येऊन जाता का? धाकटीचं काही खरं दिसत नाही."

धाकटी म्हणजे त्यांनी नवीन आणलेलं पिल्लू. चार महिन्यांची, पांढरी, एक कान कायम पडलेला. मी स्कूटर काढली. आभाळ भरून आलेलं होतं, गार वारा सुटला होता, हँडल धरून बोटं आखडली. साहेबांची इमारत दोन मजली, पुढे मोकळी जागा, तिथे त्यांची राखाडी गाडी उभी होती. मी तिच्याकडे बघितलंही नाही.

वर गेले तर धाकटी बाल्कनीच्या दारापाशी आडवी पडलेली. जीभ बाहेर, तोंडातून चिकट लाळ, छातीचा भाता नुसता चाललेला. हिरड्या विटेसारख्या लाल. थर्मामीटर लावला. पारा एकशे सहाच्या वर. दहा उन्हाळे या धंद्यात काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. हा उष्माघात. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडलेल्या कुत्र्याला होतो तसा. आणि मी स्वतः तेव्हा अंगावर शाल घेऊन बसले होते.

"उन्हात होती का ही?"

"ऊन कुठंय डॉक्टर? चार दिवस सूर्य दिसला नाही. ही घराबाहेर गेलेली नाही."

"हे असं आधी झालंय?"

"रोज होतं. हे गाडी घेऊन बाहेर असले की ही छान खेळते. हे परत आले, गाडी खाली लावली, की तासाभरात सुरू होतं. मग हे पुन्हा गाडी काढून गेले की उतरतं. रोज थोडं जास्तच चढतं हो. आज तर हे जायचं नाव घेत नाहीयेत."

साहेब आतल्या खोलीत आरशासमोर उभे राहून संध्याकाळच्या भाषणाची तयारी करत होते. तिथूनच म्हणाले, "कृमी झाले असतील. औषध द्या आणि मोकळ्या व्हा."

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. धाकटीच्या पोटाला, पंजांना ओला टॉवेल लावला, पंखा सोडला. बर्फ लावू नका, गारेगार पाणी ओतू नका, हे बाईंना सांगत होते. इतक्या उपायाने पारा खाली यायला हवा. तो आला नाही. उलट चढला. धाकटी पुढचे पाय ओढत दारापर्यंत सरकली आणि खालच्या फटीतून बाहेर बघायला लागली. अजून थोडा वेळ असंच राहिलं असतं तर ते पिल्लू माझ्या हातात गेलं असतं. मला ते कळत होतं आणि बाईंनाही.

सलाईनची बाटली स्कूटरच्या डिकीत होती. ती आणायला मी धावत खाली उतरले.

आणि मला ती धाप ऐकू आली.

कुत्र्याची धाप मी झोपेतही ओळखेन. ही मोठ्या कुत्र्याची होती, खोल, घशात खरखरणारी. मोकळ्या जागेत कुणीच नव्हतं. फक्त साहेबांची गाडी. शेजारच्या दोन गाड्यांच्या काचा स्वच्छ होत्या. या गाडीच्या काचा आतून पार धुकटलेल्या. बॉनेटवर हात ठेवला तर गारढोण. मागच्या काचेवर ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

आतून वास येत होता... उकडलेल्या केसांचा, लघवीचा, भीतीचा. हो, भीतीला वास असतो. आमच्या टेबलावर रोज येतो तो.

मी वाकून बघितलं. धुकटलेल्या काचेवर एक ओली, गोल खूण उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग कुणीतरी आतून काच चाटली, खालून वर... आणि त्या पुसल्या गेलेल्या पट्ट्यातून मला मागची सीट दिसली. रिकामी.

वरून बाईंची हाक आली. "डॉक्टर! ती डोळे फिरवतेय!"

"साहेबांना खाली पाठवा. किल्ली घेऊन. आत्ताच्या आत्ता!"

साहेब आले, पण रमतगमत, शर्टाची बटणं लावत. किल्ली मुठीत.

"गाडी उघडा," मी म्हटलं.

"का? गाडीत काही नाही."

"मग उघडायला काय हरकत आहे?"

"डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या बाई आहात..." साहेब बोलत होते माझ्याशी, पण नजर काचेवर होती. "काच थोडी खाली ठेवली होती मी. बोटभर ठेवली होती. भाषण लांबलं, लोक प्रश्न विचारत होते... त्याला मी काय करणार?"

मी त्यांना यातलं काहीच विचारलं नव्हतं.

बाल्कनीत बाई उभ्या होत्या, धाकटीला छातीशी धरून. त्यांनी ऐकलं.

माणसाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी नीट समजलं. कुत्र्यांच्या सुरक्षिततेवर टाळ्या घेत होता हा गृहस्थ, आणि त्याचं स्वतःचं कुत्रं बाहेर बंद गाडीत शिजत होतं. आणि आता दुसरं मरत होतं, तरी मूठ उघडत नव्हती. का? तर बायकोसमोर लाज जाईल! जी आधीच गेलेली असते तिलाच फार जपतात असली माणसं.

कुंपणाशी विटा पडलेल्या होत्या. एक उचलली आणि मागच्या काचेवर घातली.

काच फुटली तशी आतून गरम वाफ माझ्या तोंडावर आली. मी फटीतून हात घालून आतली कडी शोधायला लागले. माझ्या हाताला काहीतरी लागलं. ओलं. खरखरीत, गरम. बोटांवरून मनगटापर्यंत... एकदा, दोनदा, घाईघाईने. मी हात काढला नाही. का काढला नाही, ते मला आजही सांगता येत नाही. कुत्रं चाटत असलं की मी हात काढत नाही, एवढंच.

"डॉक्टर!" वरून बाई ओरडल्या. "धाप उतरली हिची! पाणी मागतेय!"

"काच फोडलीत माझी!" साहेब म्हणाले. पिल्लू वाचलं याचं नाव नाही. मला बाजूला ढकलून त्यांनी स्वतः आत हात घातला. "काय आहे आत? काय आहे? दाखवतोच तुम्हाला, काही नाहीये..."

एकदम त्यांनी हात ओढून घेतला आणि पाठीमागे लपवला. चेहरा पांढराफटक.

बाई जिना उतरून आल्या. खांद्यावर धाकटी, मान वर धरून इकडेतिकडे बघत होती. मी तिथेच पारा बघितला. उतरत होता.

"हात दाखवा," मी साहेबांना म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. मनगटाच्या वर चार खोल भोकं, दोन वर, दोन खाली, रक्त नुकतं भरून येत होतं. एवढा रुंद जबडा मोठ्याच कुत्र्याचा. धाकटीचे तर अजून दुधाचे दात होते. काचेने असं कापत नाही.

साहेब माझ्या कानाशी आले. बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी पुटपुटले.

"डॉक्टर... इंजेक्शनं घ्यावी लागतील का?"

"कशाला? गाडीत तर काही नाही ना?"

"चेष्टा नको... सांगा ना..."

"इंजेक्शनं आजच सुरू करा," मी मोठ्याने म्हटलं. "आणि चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. ते दहा दिवस जिवंत राहिलं, तर तुमची काळजी मिटली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या फुटक्या काचेकडे.

"मी ठेवते नजर," बाई म्हणाल्या.

त्यांनी धाकटीला माझ्याकडे दिलं. नवऱ्याच्या हातातून किल्ली काढून घेतली, नवऱ्याकडे न बघता. मागचं दार पूर्ण उघडलं, आणि वाट द्यावी तशा एक पाऊल बाजूला सरकल्या.

"चल रे," त्या म्हणाल्या. "घरी चल."

कुणी जड खाली उतरलं की होते तशी गाडीची मागची बाजू थोडी वर आली.