न नेलेली सायकल

आमच्या दुकानात रोज पहिली हवा भरली जाते ती एका परक्या सायकलीत. आजेसासऱ्यांच्या काळात कुणीतरी ती दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही. "गिऱ्हाईक येईल तेव्हा सायकल तयार पाहिजे," असं ते म्हणायचे. पुढे सासरे तेच म्हणू लागले, आता हे म्हणतात. त्या काळ्या सायकलीवर घरातलं कुणी बसत नाही. पुसायची, तेल द्यायचं, हवा भरायची, बस्स. लग्न होऊन आले तेव्हापासून पुसायचं काम माझं. देवापुढे दिवा लावते आणि मग फडकं घेते.

आजेसासरे बुटके. ते गेले त्या सकाळी सायकलीची सीट पार खाली उतरलेली होती, असं सासूबाई सांगायच्या. मी नुसती मान हलवायचे. नट ढिला झाला असेल, दुसरं काय!

सासरे मात्र ताडमाड उंच. ते गेले त्या दिवशी सीट वर चढलेली मी स्वतः पाहिली. ढिल्या नटानं सीट खाली येते, वर जात नाही.

यांचा डावा पाय लहानपणापासून आखूड आहे. म्हणून यांनी आपल्या सायकलीच्या डाव्या पेडलला लाकडाचा ठोकळा बांधलाय.

परवा पुसता पुसता फडकं कशात तरी अडकलं. काळ्या सायकलीच्या डाव्या पेडलला ठोकळा होता.

"अहो, हा तुम्ही बांधलात?"

"मी? गिऱ्हाइकाच्या सायकलीला? वेड लागलंय का मला?"

"मग कुणी?"

"तूच असशील. नवऱ्याला वाटेला लावायची घाई झालेली दिसतेय."

हे हसले, पण पंपावरचा हात थांबला होता.

मी ठोकळा सोडवला आणि शेगडीत घातला. काल सकाळी तो पुन्हा जागेवर होता. आता त्याचा वरचा भाग चपलेनं घासल्यासारखा गुळगुळीत झाला होता. दुपारी पंक्चर काढता काढता हे स्टुलावर बसले ते उठेचनात. ओठ निळसर पडले होते. "काही नाही गं, जरा दम लागला," म्हणाले.

इतक्या वर्षांत देवाकडे मी काही मागितलं नव्हतं. आज दिवा लावताना मागितलं. म्हटलं, यांच्याऐवजी मी चालेन.

फडकं घेऊन दुकानात आले.

ठोकळा नव्हता. सीट खाली आली होती.

हे शीळ घालत आले. "आज कसं हलकं हलकं वाटतंय! काय बघतेस एवढं?"

"काही नाही. धूळ बसलीय."

यांनी चाकांत हवा भरली आणि शटर उघडायला गेले.

मी सीटवर टेकले. दोन्ही पाय जमिनीला बरोबर पोचले.

मला सायकल येत नाही. तरी हळूच दोन्ही पाय उचलून बघितले.

सायकल जरासुद्धा कलली नाही. स्टँड आधीपासूनच वर होतं.