नाक पुढे की मागे

हर्षदा झाडू मारत पुढच्या खोलीत आली, की भिंतीवरच्या पेटीतली गौर मान वळवून तिच्याकडे बघायची. हर्षदा डावीकडे गेली की गौर डावीकडे, टेबलाखालचा कचरा ओढायला वाकली की गौरही खाली. पेटी नवीन आली तेव्हा दचकून तिच्या हातातला झाडू पडला होता. आता तिला त्याचं काही वाटत नसे. आपल्यावर नजर ठेवून असणारं घरात आणखी एक माणूस, एवढंच.

खरं तर गौर वळत नव्हती, आणि तो नीटसा चेहराही नव्हता. तो साचा होता. पेणच्या कारखान्यांत गौरीचे मुखवटे ज्यात ओततात, तसला प्लास्टरचा साचा, आतून पोकळ. नाकाच्या जागी खड्डा, गालांच्या जागी दोन वाट्या. खोलगट लाकडी पेटीत तो बसवलेला, समोर काच आणि आत खालच्या बाजूला एक बारीक दिवा. समोरून एक डोळा झाकून पाहिलं तर तो खड्डा दिसायचाच नाही. चांगलं धारदार नाक पुढे आलेली, भरल्या गालांची गौर दिसायची. हा साचा आहे हे पक्कं ठाऊक असूनही तशीच दिसायची. हर्षदानं स्वतःला पुष्कळ बजावून पाहिलं होतं, पण डोळे ऐकत नव्हते.

"भूषण, बस रे," तिनं हाक मारली. "गुरुवार आहे."

भूषण, तिचा धाकटा भाऊ, खुर्चीवर येऊन बसला. वय पंचेचाळीस, नखांत कायमचं प्लास्टर, कपाळाभोवती राखाडी पट्टी. त्यानं मुकाट्यानं डावा डोळा झाकला.

"नाक पुढे की मागे?"

"मागे," तो म्हणाला. "खड्डा आहे, ताई. कायम खड्डाच आहे. तुला कसा दिसत नाही?"

हर्षदानं फोनवर 'मागे' दाबलं आणि चहा टाकायला आत गेली. गेलं वर्षभर दर गुरुवारी ती हेच करत होती. आणि त्याच्याही आधीपासून बाकीचं सगळं. त्याच्या गोळ्या, त्याची झोप, अंघोळीला गेला की दाराशी उभं राहून पाण्याचा आवाज ऐकणं, मध्यरात्री तो उठला की आपणही उठणं. आईवडील होते तोवर ओझं वाटून घेतलं जायचं. ते गेल्यापासून सगळं हिच्याच डोक्यावर. लग्नाचं वय कधी येऊन गेलं ते कळलंही नाही, आणि पन्नाशी उलटल्यावर त्याचा विचार करण्याइतकं त्राणही उरलं नव्हतं.

पट्टी आणि पेटी दोन्ही डॉ. नाझनीन मुकादमांनी दिलेली. डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीतच सगळं नीट सांगितलं होतं.

"डोळे फार थोडं सांगतात हो, हर्षदाताई. बाकीचं मेंदू स्वतःच्या अंदाजानं भरतो. त्यानं जन्मात आत गेलेला चेहरा पाहिलेला नसतो. त्यामुळे डोळे 'खड्डा, खड्डा' म्हणून ओरडत असले तरी तो त्यांना गप्प बसवतो. चेहरा आहे ना, मग नाक पुढेच असणार, असं म्हणतो. तुम्ही चालता तेव्हा गौर वळल्यासारखी वाटते तीही त्याच हट्टामुळे. खड्ड्याच्या बाजू जशा सरकतात तशा उंचवट्याच्या सरकत नाहीत. मग हिशेब जुळवायला मेंदू चेहराच वळवून टाकतो."

"आणि भूषणचा मेंदू?"

"भास होण्याच्या ह्या आजारात पुष्कळांचा मेंदू डोळ्यांना गप्प बसवत नाही. पोकळ ते पोकळच दिसतं. त्यात वाईट काही नाही. पण अंदाजाची पकड सुटली की बाकीचंही सुटतं. पंखा फिरतोय, आवाज पंख्याचा आहे, हे तुम्हाला धरून चालता येतं. त्याला येत नाही. मग तो त्या आवाजात बोलणं शोधतो."

पट्टीचं लांबलचक इंग्रजी नाव कुणाच्याच तोंडात बसत नव्हतं. रुग्णांच्या घरी सगळे तिला अंदाजपट्टी म्हणत. कपाळामागून डोक्याच्या मागच्या दृष्टिकेंद्राकडे जाणारी मेंदूतली वाट ती रोज हलक्या लहरींनी जागी करायची. पेटी म्हणजे घरातलं थर्मामीटर. 'पुढे' दिसायला लागलं आणि काही आठवडे टिकलं, की पट्टी उतरवायची, नुसत्या गोळ्यांवर ठेवायचं, आणि माणूस आपलं आपण राहू शकतो. पेटीबरोबर आलेला चेहरा परदेशी होता. हा कोण बाबा, म्हणून भूषण त्याच्याकडे बघायलाच तयार होईना. शेवटी डॉक्टरांच्या परवानगीनं त्याच्याच कारखान्यातला गौरीचा साचा आत बसवला होता.

त्याच गुरुवारी दुपारी शुभदाचा फोन आला. शुभदा कॉलेजातली मैत्रीण, आता दापोलीला मुलींचं वसतिगृह चालवायची. तिला रेक्टर हवी होती.

"स्वतंत्र खोली आहे. जेवण मेसमधून."

"आयतं ताट?" हर्षदा हसली. "कुणीतरी वाढलेलं?"

"वाढलेलं. रात्री दहाला मुली झोपतात, तूही झोप."

दहा ते सहा, एका दमात झोप. कुणी एखादा दागिना पुढे केला असता तरी हर्षदाचा जीव इतका गलबलला नसता. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाही गं, कसं जमणार? ह्याचं नाक पुढे आल्याशिवाय मी कुठली हलतेय! बाकी मी मजेत आहे. अगदी छान."

मागच्या दारात भूषण हात धूत होता.

पुढच्या गुरुवारी तो खुर्चीत बसला, डोळा झाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"पुढे," तो म्हणाला.

"काय?"

"नाक पुढे आलंय."

हर्षदाला 'पुढे' कुठे दाबायचं तेच सापडेना. वर्षात त्या बटणाला तिचं बोट लागलं नव्हतं. गॅसवर दूध उतू गेलं, त्याचा वास घरभर पसरला, तरी ती तिथंच उभी. आनंद झाला, अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतका. मग तिच्या लक्षात आलं, की हा आनंद भावाच्या बरं होण्याचा कमी आणि आपल्या सुटकेचा जास्त आहे. तिला स्वतःची लाज वाटली. तरीही तिनं संध्याकाळी शुभदाला फोन केलाच.

त्यानंतर दर गुरुवारी 'पुढे'च आलं. डॉक्टरही खूश झाल्या. आता शुक्रवारी संध्याकाळी सहाला पडद्यावर भेटू, सगळं ठीक असेल तर त्याच वेळी पट्टी उतरवू, असं त्यांनी कळवलं. कारखान्याचा मालक गिरीश लांबच्या नात्यातला होता. भूषणचं दोन्ही वेळचं जेवण त्याच्या घरी ठरलं. हर्षदानं माळ्यावरची बॅग काढून उन्हात ठेवली.

शुक्रवारी चार वाजता ती चहाची किटली घेऊन कारखान्यात गेली. गणपतीचे दिवस जवळ आलेले. मूर्ती आता यंत्रच थरावर थर चढवून उभ्या करायचं, पण गौरीचे मुखवटे लोकांना अजून हातचेच लागत. त्या धांदलीत भूषण कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. पुढ्यात गौरीचा साचा, हातात कोरणी, आणि तो आतल्या नाकपुडीची कड सुधारत होता.

"ह्याच्यामुळे सुटलो बघ," गिरीश म्हणाला. "मी साच्यात बघायला गेलो की सगळं वर आल्यासारखं दिसतं. कोरणी खड्ड्यात घालायची की टेंगळावर, काही समजत नाही. बोटानं चाचपून चाचपून करावं लागतं. हा बघ कसा सरळ हात घालतो."

भूषण बोट लावत नव्हता. त्याची कोरणी नाकाच्या खड्ड्यात बिनदिक्कत उतरत होती आणि जिथं थांबायचं नेमकं तिथं थांबत होती. पुढे आलेलं नाक दिसणाऱ्या माणसाला हे करता येत नाही. हर्षदानं किटली खालीसुद्धा ठेवली नाही. ती तशीच वळली आणि घरी आली.

पुढच्या खोलीत पेटीसमोर उभी राहून ती डावीकडे गेली, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

गौर वळली नाही.

किती दिवस वळत नव्हती? ती रोज इथं झाडत होती. गौर आपल्याकडे बघतेय असं धरूनच झाडत होती. दिवा तिनं आत्ता नीट पाहिला. तो खाली नव्हता, वरच्या कडेला लावलेला होता. इतके दिवस तो तिच्यासमोर वर होता आणि तिला तो खालीच असल्यासारखा वाटत होता. तिनं काच सरकवली आणि हात आत घातला. तळव्याला टणक, थंड नाक लागलं. साचा नव्हताच. त्याच साच्यातून काढलेला, तसाच पांढरा मुखवटा होता. सावल्या आधीसारख्याच दिसाव्यात म्हणून दिवा खालून वर नेलेला.

"चहा घेऊन परत का आलीस?" भूषण दारात उभा होता. मग त्याला उघडी काच दिसली.

"तू बदललास?"

"हं."

"म्हणजे तू खोटं बोलत होतास."

"नाही. नाक पुढेच होतं की. तू विचारलंस, मी सांगितलं." तो खाली बघत म्हणाला. "तुला कळणार नाही हे माहीत होतं. तुम्हाला कुणालाच कळत नाही."

हर्षदाचा तोल गेला. "अरे, आज पट्टी काढणार होते तुझी! काढली असती आणि आजाराचे ते दिवस परत आले असते तर? इथं एकटा काय केलं असतंस?"

"आले असते तर आले असते. तोवर तुझी झोप तरी झाली असती."

ती मटकन खुर्चीत बसली. रागवायलाही ताकद लागते, आणि तिच्याकडे तेवढीही शिल्लक नव्हती.

"पंखा अजून बोलतो?" तिनं विचारलं.

"बोलतो. पण आता शिव्या देत नाही. नुसता कुजबुजतो, दुसऱ्यांच्या घरातलं ऐकू यावं तसा. मी लक्ष देत नाही." तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि एकटक तिच्याकडे बघू लागला. "तू सगळ्यांना 'मजेत आहे' म्हणतेस. सगळ्यांना तू मजेत दिसतेस. मला नाही दिसत. तुझा चेहरा आत गेलाय, ताई. गाल आत, डोळे आत. तिथं काही उरलेलंच नाही. आणि लोक तुझ्याकडे बघून हसतात."

आजाराच्या पहिल्या वर्षी तो अगदी हेच म्हणायचा. माणसांचे चेहरे आत गेलेत म्हणायचा आणि अंथरुणात तोंड लपवून बसायचा. म्हणजे आत्ता बोलला तो आजार होता? की तिच्याकडे इतकं नीट बघणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते बोललं होतं? बऱ्याच वर्षांनी तिला हुंदका आला. भूषणनं प्लास्टरनं माखलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सहाला भिंतीवरच्या पडद्यावर डॉ. मुकादम आल्या. दिवसभराच्या कामानं त्याही थकलेल्या दिसत होत्या, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"काय हर्षदाताई, कशा आहात? तयारी झाली ना दापोलीची?"

'मजेत' हा शब्द सवयीनं तोंडापर्यंत आला. हर्षदानं तो गिळला आणि सगळं सांगून टाकलं. मुखवटा, दिवा, कोरणी, पंख्याची कुजबुज, काहीही न लपवता. भूषण शेजारी बसून ऐकत होता. त्यानं अडवलं नाही.

डॉक्टरांचं हसू मावळलं. "म्हणजे पट्टी उतरवता येणार नाही. उलट जोर वाढवावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका. बसेल हो पकड, वेळ लागेल इतकंच. पकड बसली की त्यालाही आपल्यासारखंच दिसेल."

"तेच विचारायचंय, डॉक्टर," हर्षदा म्हणाली. "मी दमलेय. मी इतकी दमलेय, की मला उभं राहवत नाही. माझ्या मैत्रिणीला ते दिसलं नाही. तुम्ही मला दर महिन्याला बघता, तुम्हालाही दिसलं नाही. रोज आरशात बघून मलासुद्धा दिसलं नाही. ते ह्याला दिसलं, आणि मला झोपायला मिळावं म्हणून ह्यानं स्वतःचा जीव पणाला लावला. तुमचा जोर वाढवा, मी नाही म्हणत नाही. फक्त एवढं सांगा. पकड पुरती बसली, की त्यालाही माझा चेहरा तुमच्यासारखाच ठीकठाक दिसायला लागेल का?"